हिरामावशींच्या खुणा आणि जागा ओळखणारा चष्मा

आधी नाव लिहितो, मग हकीकत. हिरामावशी, राहणार करावे, नवी मुंबई. नेरूळला ज्या कंपनीत मी आठवडाभर शिकायला होतो तिथं त्या चहा देतात, फरशी पुसतात आणि ज्याला चक्कर येते त्याच्यापुढं बादली आणून ठेवतात. त्यांनी मला आपल्या ओटीवर पलंग दिला, तांदळाची भाकरी दिली. आणि बोर्डावर इंग्रजीत लिहिलेली एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरत नव्हती, ती खाडीच्या बांधावर उभं राहून सांगितली. त्यांचं नाव पुढं ओघात आलं असतं तरी चाललं असतं, पण मला ते बरं वाटलं नसतं.

मी दिगांबर, कंधार तालुक्यातला. सातवीतून शाळा सोडली आणि फरशीच्या कामाला लागलो, त्याला पंचवीस वर्षं झाली. फरशीवाल्याचं आयुष्य उकिडवं जातं. आमचं तोंड कायम जमिनीकडं. आता दोन्ही गुडघे गेले. डॉक्टरनं सरळ सांगितलं की उकिडवं बसणं बंद, नाहीतर काठी घ्या. फरशीवाल्याला उकिडवं बसू नको म्हणणं म्हणजे पोहणाऱ्याला पाण्यात जाऊ नको म्हणण्यासारखं आहे.

नांदेडला एका मोठ्या दवाखान्याचं बांधकाम चालू आहे. तिथं नवीन पद्धत येणार होती. डोळ्यांवर चष्मा लावायचा, त्यात भिंतीच्या आतले पाइप आणि वायरी दिसतात, आणि त्या चुकवून ड्रिल कुठं मारायचं याच्या खुणा करायच्या. सगळं काम उभ्यानं. ठेकेदारानं माझं नाव दिलं, कारण माझी लाइन सरळ असते हे त्याला माहीत होतं. पण अट अशी की नेरूळला जाऊन सहा दिवस शिकायचं आणि शेवटी परीक्षा द्यायची. पास झालो तर उभ्याचं काम. नापास झालो तर घरी. मधला रस्ता नव्हता.

आणखी एक सांगायला पाहिजे. गेल्या वर्षी एका बाथरूममध्ये बेसिन बसवताना माझं ड्रिल भिंतीतल्या वायरीत गेलं. जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र अजून मुकी आहेत, त्यांना काही लागलेलं कळत नाही. तेव्हापासून भिंतीसमोर ड्रिल घेऊन उभं राहिलं की घशाला कोरड पडते. परीक्षेत शेवटी एक भोक पाडायचं होतं, हे मला निघायच्या आधीपासून ठाऊक होतं.

सोमवार, कामोठे आणि नेरूळ

गाडीतल्या रात्रीबद्दल काही लिहीत नाही, बसून आलो एवढंच. कंपनीनं आमची सोय कामोठ्याला एका सोसायटीत केली होती. एका खोलीत सहा पलंग, एकावर एक असे. खालचे तिन्ही पलंग भरलेले. माझ्या वाट्याला वरचा आला. लोखंडी शिडीच्या दुसऱ्या पायरीवरच गुडघ्यानं नाही म्हटलं. मी खाली आलो आणि बॅग धरून खुर्चीवर बसलो. कोणाला सांगायचं तर काय सांगायचं, की मी शिकायला आलोय पण मला पलंगावर चढता येत नाही?

कामोठ्याबद्दल थोडं सांगतो. इमारती सगळ्या एका वयाच्या वाटतात. प्रत्येक दारावर नावाची पाटी आणि प्रत्येक दार बंद. आमच्याकडं दिवसा दार बंद दिसलं तर लोक विचारतात की कोण आजारी आहे. इथं उघडं दिसलं तर विचारत असावेत.

नेरूळला कंपनी तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट दुरुस्तीला. कठडा धरून मी चढलो तेव्हा बाकीचे पाच जण खुर्च्यांवर बसून मोबाइल बघत होते. त्यातला ओंकार नावाचा मुलगा कळंबोलीचा, डिप्लोमा झालेला. तो म्हणाला, "काका, तुम्ही पण ट्रेनिंगला? मला वाटलं लिफ्टवाले आलात." हसलो. त्याचं बोलणं खोडीचं होतं, वाईट नव्हतं.

शिकवणाऱ्या केतकी मॅडम. वय तिशीच्या आतलं, बोलणं भरभर. त्यांनी बोर्डावर 'स्पेशियल कॉम्प्युटिंग' असं लिहिलं, खाली इंग्रजीत दहा ओळी लिहिल्या आणि मग आमच्या तोंडांकडं बघून मराठीत आल्या.

"हे बघा, टेन्शन घेऊ नका. नेहमीचा कॉम्प्युटर टेबलावर बसलेला असतो. त्याला तुमची खोली माहीत नसते. तुम्ही त्याच्या काचेत डोकावता. हा कॉम्प्युटर उलटा आहे. हा तुमच्याबरोबर खोलीत उभा राहतो. जमीन कुठे, भिंत कुठे, तुमचं डोकं कुठे वळलं, हात कुठे गेला, सगळं तो सारखा बघत असतो. म्हणून तो एखादी वस्तू खऱ्या जागेत ठेवू शकतो. भिंतीवर पाइप दाखवला, तुम्ही पाठ फिरवली, परत वळलात, तरी पाइप तिथेच. जागेचं भान असलेला कॉम्प्युटर, बस."

मग चष्मा आला. चष्मा कसला, पोहणाऱ्यांच्या गॉगलचा थोरला भाऊ. पुढून बंद. बाहेर कॅमेरे, आत पडदे. तुम्हाला खोली दिसते ती कॅमेऱ्यानं दाखवलेली. पहिलं काम सोपं होतं. हातातल्या मुठीसारख्या यंत्रानं जमिनीवर आपल्याभोवती एक रेघ ओढायची, म्हणजे यंत्राला कळतं की हा माणूस एवढ्या जागेत फिरणार.

रेघ ओढायची म्हटल्यावर मला धीर आला. ते तर माझं काम. मी ओढली. यंत्र म्हणालं, रेघ अपुरी आहे. पुन्हा ओढली. पुन्हा अपुरी. तिसऱ्यांदा ओढली तेव्हा मॅडम जवळ येऊन त्यांच्या पडद्यावर बघू लागल्या.

"दादा, तुम्ही प्रत्येक वेळी एका बाजूला अडीच-तीन फूट मोकळं सोडताय. का?"

मला स्वतःला कळलं नव्हतं. मग लक्षात आलं. मी पोरसवदा असताना आधी एका गवंड्याच्या हाताखाली होतो. घराची आखणी करताना फक्की, म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी, हातातून सोडत रेघ मारतात. त्या म्हाताऱ्याचा नेम होता की दार आधी सोडायचं. माणूस आत उभा असताना त्याच्याभोवती रेघ बंद करायची नाही, आणि आखलेल्या रेघेवरून उडी मारून यायचं नाही, दारातून बाहेर पडायचं. हात ते शिकलेला. डोकं विसरलं तरी हात दार सोडत होता.

"दार सोडलंय, मॅडम," मी म्हणालो.

ओंकार हसला. "काका, खोटी रेघ आहे ती. भिंतीतून पण जाता येतं, जा ना."

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा, ह्याला दार कळत नाही. बंद करा." मी बंद केली. मनाला लागलं ते लागलंच. त्यात चष्म्यातली खोली मान वळवताना कणभर मागं राहत होती, आणि मला चक्कर आली. मी भिंत धरली. तेवढ्यात समोर बादली आली.

"पयल्या दिवशी सगल्यांना व्हतय. लाजू नको," बादलीवाली बाई म्हणाली. "मागच्या वेलेला एक इंजिनेर व्हता. त्याना दोन बादल्या लागल्या."

ह्या हिरामावशी. साठीच्या पुढच्या, नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू नाही, पण नाकात चमकी. संध्याकाळी जिना उतरताना त्या माझ्या मागं होत्या. मी प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवत होतो.

"कुठं राहातंस?"

मी सांगितलं. वरच्या पलंगाचंही सांगून टाकलं. थकलेला माणूस लपवत नाही.

"मंग तिथं कसा चढशील? माझे ओटीवर पलंग हाय. मोकलाच हाय. चल."

"मावशी, तुम्ही मला ओळखत पण नाही."

"सकालपासून तुजी बादली मी उचलतंय. आनकी कवरा ओलखू?"

मंगळवार, करावे

करावे हे गाव नवी मुंबईच्या आधीचं आहे, आणि ते तसं दिसतं. चारी बाजूंनी उंच काचेच्या इमारती, मधे अरुंद गल्ल्या, दारात जाळी दुरुस्त करत बसलेली माणसं. पलीकडं तिवरांची गर्दी आणि खाडी. सकाळी पलंगावर बसल्या बसल्या मासळीचा वास आला आणि माझी झोप उडाली. आमच्याकडं हा वास बाजाराच्या दिवशी, तोही लांबून.

मावशींच्या ओटीची फरशी बघून मात्र मला राहवलं नाही. जुनी, लाल. दारातल्या चार फरश्या पोकळ झालेल्या, एक तडकलेली, आणि उतार उलटा, म्हणजे पाणी आत येणार. मी वाकून बोटानं ठोकून बघत होतो, तर मावशी म्हणाल्या, "ठेव ती. गुडघा बरा झाला का बघ."

घरात मावशी आणि त्यांची सून रूपाली, दोघीच. मुलगा जहाजावर खलाशी, सहा-सहा महिने बाहेर. रूपालीचं माहेर कामोठ्याचं, बोलणं मॅडमसारखं भरभर. जेवायला तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी आणि आंबट कढी. ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्याला ही भाकरी मऊ उशीसारखी लागते. तीन खाल्ल्या तरी पोट म्हणतं, सुरुवात कधी?

त्या संध्याकाळी एक गंमत झाली, आणि चष्म्याचं काम काय ते मला मॅडमपेक्षा तिथं जास्त कळलं. रूपालीला नवा फ्रीज घ्यायचा होता. तिनं मोबाइल स्वयंपाकघराकडं धरला, बोट फिरवलं, आणि पडद्यावर मोरीशेजारी फ्रीज उभा राहिला. दार उघडतं का, ओट्याला लागतं का, सगळं दिसत होतं. ती मोबाइल घेऊन इकडून तिकडून फिरली, तरी फ्रीज आपल्या जागी.

"दादा, बघा. दोन इंच लागतोय."

मी मोबाइलमधलं फ्रीजचं माप बघून जागेला टेप लावला. खरंच तेवढाच लागत होता.

मावशी भाताचं पातेलं घेऊन आल्या आणि त्या रिकाम्या जागेला वळसा घालून गेल्या.

"आई, फ्रीज तिथे नाहीये, मोबाइलमध्ये आहे," रूपाली म्हणाली.

"तू ठेवलास ना तिथं? मंग हाय."

रूपाली हसून खाली बसली. मावशी जेवण होईपर्यंत वळसा घालूनच ये-जा करत होत्या. आम्हाला चिडवायला का खऱ्यानं, ते मला अजून माहीत नाही.

मग रूपालीनं सांगितलं की हे सगळं आपण रोज वापरतो, फक्त नाव माहीत नसतं. गाडी मागं घेताना पडद्यावर पिवळ्या-लाल रेघा दिसतात आणि भिंत जवळ आली की गाडी ओरडते, ते हेच. मोबाइल रस्त्यावर धरला की बाण रस्त्यावरच आडवा पडलेला दिसतो, इकडं वळा म्हणून, तेही हेच. तिच्या ओळखीच्या एका काकांना दिसत नाही. त्यांचा मोबाइल त्यांना सांगतो की दार समोर चार पावलांवर आहे. मुंबईला काय बघितलं असं आता गावात लोक विचारतात, तेव्हा मी इमारती सांगत नाही, चार पावलांवरचं दार सांगतो.

बुधवार, नेरूळ

लिफ्ट चालू झाली. हा दिवस त्या आनंदात सुरू झाला आणि वाईट गेला.

परीक्षा ज्या ठिकाणी होणार होती तिथं सराव होता. एक लांब बोळ, दोन्ही बाजूंना नवीन प्लास्टर, पांढराशुभ्र रंग. एका टोकाला दार आणि खिडकी, पुढं काहीच नाही. चष्मा लावला की भिंतीत निळे पाइप आणि लाल वायरी दिसत. मला ते बघताना हातातली मुकी बोटं आठवली. गेल्या वर्षी हे असतं तर.

मी दारापासून सुरुवात केली. पेन्सिलीनं खुणा करत बोळाच्या मध्यापर्यंत गेलो. हात स्थिर, लाइन सरळ. मनात म्हटलं, जमलं. मॅडमनी नकाशा आणि टेप घेऊन तपासलं. दाराजवळच्या खुणा बरोबर. मधल्या सगळ्या खुणा एक वीत सरकलेल्या.

"दादा, इथे ड्रिल मारलं असतं ना, तर सरळ वायरीत."

मी म्हणालो, "मॅडम, मला तर तिथंच दिसत होती."

"दिसत होती, कारण चित्र तरंगलं. होतं असं कधीकधी. लक्ष ठेवायचं."

कशावर लक्ष ठेवायचं, ते मला कळलं नाही आणि विचारायची लाज वाटली. तिथंच माझं चुकलं. कमी शिकलेल्या माणसाला वाटतं, बाकीच्यांना कळलंय, आपणच राहिलोय. त्या बोळात माझी तीन वेळा चूक झाली. ओंकारची एकदाही नाही, कारण तो इतक्या झपाट्यानं जायचा की चित्राला तरंगायला वेळच मिळत नसावा.

संध्याकाळी बायकोचा फोन आला.

"गुडघा काय म्हणतो?"

"गुडघा बरा आहे."

"मग आवाज कामून असा?"

"दमलोय गं."

"पास नाही झालात तर नाही झालात. म्हशी कुठं जात नाहीत," सुनीता म्हणाली. तिला माहीत आहे की आमच्याकडं म्हैस एकच आहे.

गुरुवार, करावे, खाडीचा बांध

पहाटेच जाग आली होती. मावशी म्हणाल्या, "तोंड असा कशाला केलास? चल, खाडीव जाऊ."

बांधावर चिखल आणि वारा. पाण्यात लांब गुलाबी पक्षी उभे होते, शेकडो, एका पायावर. मला आधी वाटलं, कपडे वाळत घातलेत. मावशींनी काही दाखवायच्या आधी मीच सगळं सांगून टाकलं. पांढरी भिंत, तरंगणारं चित्र, एक वीत, मुकी बोटं. त्यांनी ऐकून घेतलं. मग समोर पाण्याकडं बोट केलं.

"माझा नवरा तिथं जाली लावाचा. सांग बघू, उद्या जाऊन ती जागा कशी शोधशील? पान्यावर रेघ मारता येते?"

"नाही येत."

"तो डोंगर दिसतंय? त्याची खाच, आन आपले देवलाचा कलस. होडीतून बघाचा, दोनी एका रेघेत आले पायजेत. ही एक निशानी. मंग बाजूला बघाचा. तो धक्क्याचा खांब आन त्याचे मागचा ताड. तीबी रेघ जुलली का जागा तिथंच. एका निशानीवर जाशील तं फसशील. दोन पायजेत."

आता ताड तिथं नाही, इमारत आहे. डोंगराची खाचही एका टॉवरनं अर्धी झाकली आहे. पण मावशी बोलताना त्या ताडाकडं बघत होत्या, मी बघितलं. तो त्यांना तिथं दिसत होता. पुढं चालताना त्या म्हणाल्या, "हा आमचा मिठागर," आणि आम्ही एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभे होतो. "हा बांध," म्हणाल्या, आणि तिथं फूटपाथ होता. त्यांना यंत्र लागत नव्हतं, एवढाच फरक.

"आन मावशी, धुकं पडल्यावर? काहीच दिसलं नाही तर?"

"धुका आला तं हलाचा नाय. वल्हा आत घेवाचा न गप बसाचा. निशानी दिसली का मंग चालाचा. जी मानसा धुक्यात वल्हवत गेली ना, ती दुसऱ्याचे जाल्यावर गेली."

मी बांधावरच थांबलो. पांढरी भिंत म्हणजे धुकं. बाकी काही नाही.

त्या दिवशी कंपनीत मी पहिल्यांदा हात वर केला. विचारलं, "मॅडम, हे यंत्र पण खुणा धरतं का? डोंगराची खाच, देवळाचा कळस, अशा?"

"अगदी तेच करतं, दादा. खोलीतले कोपरे धरतं. चौकट, स्विचबोर्ड, खिडकी. त्यांच्यावरून त्याला कळतं आपण कुठे आहोत. कोऱ्या भिंतीसमोर त्याला धरायला काही नसतं, म्हणून ते अंदाजाने चालतं, आणि चित्र सरकतं."

"हे आम्हाला सांगितलं नाही."

"पहिल्या दिवशी बोर्डावर लिहिलं होतं. पाचवी ओळ." मग त्यांनीच बोर्डाकडं वळून बघितलं. "इंग्रजीत. चुकलं माझं."

एवढ्या शिकलेल्या बाईनं चुकलं माझं म्हटलं, तेही सगळ्यांसमोर. आमच्या साइटवर मी हे कधी ऐकलं नाही.

शनिवार, परीक्षा

शुक्रवारचं लिहिण्यासारखं काही नाही. दिवसभर सराव केला आणि पाय सुजले. मावशींनी मीठ टाकलेल्या गरम पाण्यात पाय ठेवायला लावले, आणि रूपालीनं फ्रीज आणला, तो खरंच दोन इंच लागला.

परीक्षेला कंपनीचे एक साहेब आले होते, हातात घड्याळ. वीस मिनिटांत खुणा, मग एक भोक. भिंतीतल्या पाइपात पाणी भरलेलं. चुकलं तर सगळ्यांसमोर कारंजं. ओंकार माझ्या आधी गेला. अकरा मिनिटांत बाहेर आला, भोक बरोबर जागी. हे मुद्दाम लिहितो. त्याला धुकं वगैरे काही लागलं नाही. पोरगं हुशार आहे.

माझी पाळी. आधी जमिनीवरची रेघ. मी ती दारात सुरू केली, पूर्ण फिरवली आणि शेवटचा तुकडा दारातच जोडला. काम झाल्यावर हा तुकडा आधी पुसायचा, असं मनाशी ठरवलं. यंत्राची अट यंत्राला, आपली आपल्याला.

दाराजवळच्या खुणा झाल्या. पुढं सरकलो. पांढरी भिंत सुरू झाली आणि मी निळ्या पाइपाकडं न बघता मागं बघितलं. चौकटीचा कोपरा, खिडकीचा कोपरा. दोन खुणा. पुढं आलो. पुन्हा मागं. बोळाच्या मध्यावर पाइप हलला. अगदी थोडा, पाण्यावरच्या काठीसारखा. मी पेन्सिल खाली घेतली आणि उभा राहिलो.

"काका, टाइम जातोय," बाहेरून ओंकार म्हणाला. त्याला खरंच काळजी वाटत होती.

मी हललो नाही. दारापर्यंत परत गेलो, कोपरे नीट बघितले, चित्र जागेवर आलं. मग एक गोष्ट केली जी कोणी शिकवली नव्हती. गळ्यातला चौकड्याचा रुमाल काढला आणि मधल्या भिंतीवर चिकटपट्टीनं लावला. थोडं पुढं टेपचा पिवळा डबा चिकटवला. कोऱ्या भिंतीवर दोन निशाण्या. पुन्हा दारापासून निघालो, आणि या वेळी पाइप हलला नाही. तरीही खुणा झाल्यावर भिंतीवरचा टेप काढून चौकटीपासून मोजलं, कारण माझा विश्वास माझ्या टेपवर आहे.

मग ड्रिल. मुकी बोटं ट्रिगरवर कळत नाहीत, म्हणून मी मधलं बोट वापरतो. डोळे मिटावेसे वाटले, पण चष्म्यात डोळे मिटून काय उपयोग. दाबलं. पांढरी धूळ पडली. आणखी दाबलं. धूळच पडत राहिली, कोरडी. मी ड्रिल काढलं आणि भिंतीला कपाळ टेकून उभा राहिलो. चष्मा भिंतीला लागून टक् असा आवाज झाला.

बाहेर आलो. साहेब घड्याळ बघत होते. "सव्वीस मिनिटं. सहा जास्त. का लागली?"

"दिसत नव्हतं तेव्हा थांबलो, साहेब."

त्यांनी ते लिहून घेतलं. मॅडमनी भिंतीवरचा रुमाल काढून माझ्या हातात दिला. दारात मावशी उभ्या होत्या, हातात बादली. ती रिकामीच घेऊन त्या दारातून बाहेर पडल्या, आणि मला सोडायचं राहिलेलं दार आठवलं. मी मागं गेलो, चष्मा पुन्हा लावला आणि रेघेचा दारातला तुकडा पुसला.

निकाल संध्याकाळी लागला. सहा जणांत पाच पास. माझं नाव पाचवं, शेवटचं, आणि पुढं लिहिलं होतं: वेग कमी, सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा, तोपर्यंत इंजिनिअरच्या हाताखाली. म्हणजे पास, पण सुटका नाही. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला असेल. पण त्या वेळी मला फक्त बसायचं होतं.

रविवार, करावे, निघताना

मावशींनी डबा दिला, तांदळाच्या भाकरी आणि बोंबलाचं सुकं. गाडीत डबा उघडला तेव्हा समोरचा माणूस उठून दुसरीकडं बसला, ती गोष्ट वेगळी.

निघताना मी ओटीवर उभा होतो. तडकलेली फरशी पायाखाली ढब्ब वाजली. मी म्हणालो, "मावशी, ही फरशी."

"परत तीच? जा तू. गाडी जाईल."

"सहा महिन्यांनी परीक्षेला येईन."

"ये. पलंग हाय."

आता मी रोज उभ्यानं काम करतो. संध्याकाळी पाय दुखतात, पण गुडघ्यातला तो चाकू नाही. चष्म्यामुळं डोकं जड होतं, मान अवघडते. सोपं काहीच नाही. साइटवरच्या प्रत्येक कोऱ्या भिंतीवर मी आधी रुमाल लावतो, आणि पोरं हसतात, म्हणतात दिगूमामाचा झेंडा लागला. लागू दे.

उकिडवं बसणं डॉक्टरनं बंद केलंय आणि मी ते पाळतो. एकदाच मोडणार आहे. परीक्षेला जाईन तेव्हा, पास होईन वा न होईन, दोन दिवस आधी जाईन. मावशींच्या ओटीची सगळी फरशी उचलीन, उतार बाहेर काढीन आणि नवी लाल फरशी बसवीन. चष्मा लावणार नाही, दोरी आणि टेप पुरे. फरशीवाला कायम आतल्या भिंतीपासून सुरू करतो आणि मागं मागं सरकत दाराकडं येतो, म्हणजे ओल्या फरशीवर पाय पडत नाही. शेवटची फरशी दारातली असते. ती मी बसवीन आणि दारातूनच बाहेर पडेन. गुडघ्यांचं पुढचं पुढं बघू. मावशी, एवढं मला करू द्या.